एकट्याचा अल्बम : रेमो फर्नांडिस आणि ‘गोवन क्रेझी’

(एरंडोल येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

गाणे कोणाचे, हा प्रश्न मराठी रसिकाने फारसा विचारलेला नाही, कारण त्याची उत्तरे आधीच ठरून गेलेली होती. अभंग संताचा, भावगीत कवी, संगीतकार आणि गायक या तिघांचे, चित्रपटगीत व्यवहारात गायकाचे आणि पडद्यावरच्या नटाचे, आणि आखाजीला झोक्यावर बसून खानदेशातल्या लेकी म्हणतात ती गाणी कोणा एकाची नाहीत, म्हणून सगळ्यांची. या उत्तरांपैकी कोणत्याही एकात नीट न बसणारी एक वस्तू १९८४ साली गोव्यातील शिवोली या गावी तयार झाली. ‘गोवन क्रेझी’ नावाच्या त्या कॅसेटमधील गाणी रेमो फर्नांडिस यांनी लिहिली, त्यांना चाली लावल्या, सर्व वाद्ये स्वतः वाजवली, सर्व आवाज स्वतः दिले, राहत्या घरी स्वतःच ध्वनिमुद्रण केले, वेष्टनाचे चित्र काढले आणि तयार झालेल्या कॅसेटी दुकानोदुकानी पोचवण्याचे कामही स्वतःच केले. भारतीय संगीताच्या बाजारात त्या वेळी या प्रत्येक कामासाठी वेगळा माणूस, वेगळा दर आणि वेगळा मान होता. ही सगळी कामे एका माणसाकडे आल्यावर गाण्याच्या कर्तृत्वाचे आणि त्याच्या जबाबदारीचे काय होते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘अल्बम’ म्हणजे एकत्र ऐकण्यासाठी, ठरावीक क्रमाने बांधलेला गाण्यांचा संच. चित्रपटाची गाणी एका तबकडीवर येतात तेव्हा त्यांचा क्रम कथेने ठरतो, अल्बमचा क्रम मात्र कलावंताने ठरवलेला असतो आणि म्हणून तो काव्यसंग्रहाच्या अधिक जवळचा असतो. ‘सोलो अल्बम’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ रूढ आहेत. एखाद्या वाद्यवृंदाचा, म्हणजे बँडचा, सभासद बँडबाहेर स्वतःच्या नावावर जो अल्बम काढतो तो पहिल्या अर्थाने सोलो होय, मग त्यात पन्नास वादकांनी साथ केली असली तरी चालते. दुसरा अर्थ शब्दशः एकट्याने केलेल्या कामाचा, आणि तो क्वचितच लागू पडतो. ‘रॉक’ ही संज्ञा विद्युत गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या आधाराने, चार मात्रांच्या आवर्तनात बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका ठेवून चालणाऱ्या संगीताला लावली जाते. त्याचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनात आहे. गीत लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच असण्याची प्रथा १९६० नंतरच्या रॉक संगीतात इतकी रुजली की दुसऱ्याने लिहिलेले गाणे गाणाऱ्याकडे तेथे थोडे खालच्या नजरेनेच पाहिले जाऊ लागले. भारतात परिस्थिती नेमकी उलटी होती.

ती किती उलटी होती हे समजण्यासाठी गोव्याच्या वादकांचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मराठी वाचकाच्या ओळखीचा असूनही त्याला ठाऊक नाही अशी मोठी विचित्र स्थिती आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवण्याचे शिक्षण मिळे. हे शिक्षण धार्मिक विधीच्या गरजेतून आले, परंतु त्याने पोटापाण्याची एक वाट उघडली. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मोठ्या हॉटेलांतील जॅझ मंडळ्या आणि अखेरीस मुंबईचा चित्रपटधंदा या सर्वांना स्वरलिपी वाचणारे वादक हवे होते आणि ते गोव्यात तयार मिळत होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागील वाद्यमेळाची रचना सेबॅस्टियन डिसूझा यांची असे. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक तसेच वाद्यमेळाचे रचनाकार होते, संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात गुरूचे नाव आले ते प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. मात्र ते गाणे वरातीत नाचून म्हणणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी किती जणांना हे नाव कोणा खऱ्या माणसाचे आहे असे वाटले असेल, याची शंकाच आहे. चिक चॉकलेट आणि फ्रँक फर्नांड हीसुद्धा याच मालिकेतील नावे. या मंडळींनी हिंदी चित्रपटसंगीताला त्याचा भरलेला, पाश्चात्त्य सुसंवादाचा आवाज दिला, आणि तबकडीवर त्यांचे नाव सहसा छापले गेले नाही. कामाची अशी वाटणी धंद्याच्या सोयीची होती यात वाद नाही. पण कर्तृत्व कोणाच्या खात्यावर जमा व्हायचे ते तिने ठरवून टाकले होते.

गोव्याची दुसरी परंपरा मात्र कर्त्याचे नाव राखणारी आहे. कोकणी तियात्राची सुरुवात १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत सादर झालेल्या ‘इटालियन भुरगो’ या प्रयोगापासून मानली जाते आणि त्यामागे लुकाझिन रिबेरो यांचे नाव घेतले जाते. तियात्र म्हणजे कोकणी ख्रिस्ती समाजाचे लोकप्रिय नाटक. त्यात कथानकाच्या दोन प्रवेशांमध्ये पडदा पडला असता त्यापुढे उभे राहून गायिली जाणारी स्वतंत्र गाणी असतात, त्यांना ‘कांतार’ म्हणतात आणि ती गाणाऱ्याला ‘कांतारिस्त’. या गाण्यांचा नाटकाच्या कथेशी संबंध असेलच असे नाही. भ्रष्ट पुढारी, वीज-पाण्याची टंचाई, सासू-सुनेचे भांडण, परदेशी गेलेला नवरा असा कोणताही विषय त्यांना चालतो. येथे मुद्द्याची गोष्ट अशी की कांतारिस्त आपली गाणी बहुधा स्वतःच रचतो आणि स्वतःच म्हणतो, त्यामुळे त्यातील टोमणा ज्याला लागतो त्याला तो कोणी मारला हे समोरच दिसत असते. महाराष्ट्रातील शाहिराची जागा हीच आहे. अण्णाभाऊ साठे किंवा वामनदादा कर्डक यांनी स्वतः रचून स्वतः गायिले तेव्हा त्या गाण्याचे उत्तरदायित्व कवी आणि गायक यांच्यात वाटून घेण्याची सोय उरली नव्हती. रेमो फर्नांडिस यांना इंग्रजी गाण्यांमुळे सरसकट पाश्चात्त्य अनुकरणाच्या खात्यात टाकणारे समीक्षक ही कांतारिस्तांची पार्श्वभूमी विसरतात, आणि ती विसरल्यामुळे रेमो यांच्या विनोदाची जात त्यांना ओळखता येत नाही.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीत झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे पोर्तुगीज गाणी, कोकणी मांडो, चर्चचे समूहगान आणि रेडिओवरून येणारे हिंदी व इंग्रजी संगीत ही सारी एकाच बालपणात मिसळलेली होती. मांडो हा एकोणिसाव्या शतकात विशेषतः सासष्टी भागातील उच्चवर्णीय ख्रिस्ती घरांतून विकसित झालेला संथ लयीचा, विरहप्रधान गीतप्रकार आहे, आणि त्याची चाल पाश्चात्त्य असली तरी भाव आणि भाषा कोकणी आहे. पुढे रेमो यांनी मुंबईच्या सर जे. जे. कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. सत्तरीच्या दशकातील मुंबईत रॉक बँडांची चांगली वर्दळ होती. ‘सिमला बीट’ या सिगारेट कंपनीने भरवलेल्या स्पर्धेतून १९७० आणि १९७१ साली अनेक बँड पुढे आले होते, आणि ‘द सॅव्हेजेस’ या नावाजलेल्या बँडमध्ये रेमो यांनीही काही काळ काम केले. या बँडांची मुख्य शिदोरी मात्र ‘कव्हर’ची, म्हणजे परदेशी कलावंतांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवून दाखवण्याची होती. श्रोत्याला तेच हवे असे, हॉटेलमालकाला तेच परवडे, आणि मूळ तबकडी परदेशातून मिळणे दुर्मीळ असल्याने नक्कल हुबेहूब असणे हीच कौशल्याची कसोटी समजली जाई. पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या वाहनाला हात दाखवत केलेला दीर्घ प्रवास आणि त्यानंतर गोव्यात परतून गावातच राहण्याचा निर्णय, या दोन गोष्टींनी त्यांना या नकलेच्या धंद्यातून बाहेर काढले.

‘गोवन क्रेझी’ ज्या यंत्रावर तयार झाला ते यंत्र समजून घेतल्याशिवाय त्या अल्बमचे वेगळेपण ध्यानात येत नाही. व्यावसायिक स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी रुंद फीत वापरत आणि त्या फितीवर समांतर पट्टे, म्हणजे ‘ट्रॅक’, असत. प्रत्येक पट्ट्यावर एक वाद्य वा आवाज स्वतंत्र मुद्रित करून नंतर त्यांचे प्रमाण ठरवत एकत्र करणे याला ‘मिक्सिंग’ म्हणतात. १९७९ साली टॅस्कम या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले, आणि त्यात ही सोय घरातल्या साध्या कॅसेटवर आणली गेली. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात, दोन एका बाजूसाठी आणि दोन दुसऱ्या. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून पहिल्या नमुन्यात फितीचा वेगही दुप्पट ठेवला, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावत. चार पट्ट्यांत ड्रमचा ठेका, बेस, गिटार आणि गाणे एवढेच बसते. बासरी, दुसरा आवाज, तिसरा आवाज हवा असेल तर तीन पट्टे भरून ते मिसळून चौथ्यावर घ्यायचे, मग ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. या युक्तीला ‘बाउन्सिंग’ म्हणतात. तिची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा प्रत्येक वेळी आवाज थोडा पुसट होतो आणि फितीची खरखर वाढते. शिवाय एकदा मिसळलेले वेगळे करता येत नसल्याने अखेरचा आवाज कसा हवा हे पहिल्या दिवशीच ठरवावे लागते. संगीत सुचणे, ते वाजवणे आणि त्याची तांत्रिक जुळणी करणे या क्रिया अशा यंत्रावर एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत, म्हणून त्या एकाच डोक्यात असल्या तर फायदा होतो. रेमो यांनी शिवोलीच्या घरी चार पट्ट्यांच्या अशाच कॅसेट यंत्रावर काम केले, आणि वास्तुशास्त्रात आराखडा आधी, बांधकाम नंतर हा जो धडा गिरवला जातो तो येथे कामाला आला असावा, असे म्हणणे फारसे धाडसाचे होणार नाही.

जगात इतरत्रही याच सुमारास असे घडत होते. अमेरिकेतील ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात याच जातीच्या यंत्रावर कच्ची गाणी मुद्रित केली, नंतर बँडसह ती पुन्हा करून पाहिली आणि अखेर घरगुती मुद्रणच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. त्याआधी पॉल मॅकार्टनी यांनी बीटल्स विस्कटत असताना १९७० साली घरी एकट्याने वाद्ये वाजवून अल्बम काढला होता, आणि स्टीव्ही वंडर यांच्या ‘इनरव्हिजन्स’ या अल्बमला, ज्यातील बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली होती, १९७४ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या तिघांच्या पाठीशी मोठ्या कंपन्या होत्या. त्यांनी एकट्याने केले ते त्यांना तसे करावेसे वाटले म्हणून. रेमो यांच्याबाबतीत निवड आणि नाइलाज यांची सरमिसळ आहे, कारण मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना भारतीय माणसाने लिहिलेल्या मूळ इंग्रजी गाण्यांत काही रस नव्हता. एकाच कृतीचा अर्थ परिस्थितीनुसार असा बदलतो, आणि अनुकरणाचा आरोप करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घेतलेला नाही.

कॅसेट तयार होणे हा अर्धा भाग; उरलेला अर्धा विक्रीचा. ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा जवळजवळ ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या हातात एकवटला होता, कारण तबकडी छापण्याचा कारखाना उभारणे कोणालाही परवडण्यासारखे नव्हते. कॅसेटची प्रत काढायला कारखाना लागत नाही. या एका तांत्रिक कारणाने गावोगावची कीर्तने, भीमगीते, लावण्या, लग्नाची गाणी आणि शिंदे घराण्याची लोकगीते बाजारात आली, चाचेगिरीही आली, आणि १९८३ साली स्थापन झालेल्या टी-सीरीजसारख्या कंपनीचे साम्राज्यही याच पायावर उभे राहिले. रेमो यांनी याच सोयीचा वापर करून स्वतः प्रती काढल्या आणि पिवळ्या स्कूटरवरून त्या गोव्यातील दुकानांना पोचत्या केल्या. ही स्कूटर त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि तिचे थोडे अवास्तव कौतुकही झाले आहे. खरे महत्त्व याचे की विक्रेता आणि निर्माता एकच असल्याने कोणते गाणे कोणत्या गावात चालते हे त्याला मधल्या दलालाशिवाय कळत होते. गोव्यासारख्या छोट्या प्रदेशात हे जमले. खानदेशाएवढ्या पसरलेल्या मुलखात, जेथे एरंडोलहून नंदुरबार गाठायलाही अर्धा दिवस खर्ची पडतो, तेथे एका स्कूटरने ते जमले नसते.

‘गोवन क्रेझी’ची मर्यादाही येथेच नोंदवली पाहिजे. गोव्याच्या माणसाविषयी, त्याच्या चालीरीतींविषयी आणि त्याच्या भूमीवर लोटलेल्या पर्यटकांविषयी थट्टेने व आत्मीयतेने लिहिलेली ही गाणी इंग्रजीत आहेत, आणि गोव्यातील शेतकरी, खारवी किंवा मराठी शाळेत शिकलेला बहुजन समाज त्यांच्या श्रोत्यांत फारसा नव्हता. हा काळ भाषिक तणावाचा होता: राजभाषेच्या प्रश्नावर आंदोलन पेटले होते, फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य बनले. कोकणी की मराठी या वादात इंग्रजीत गाणारा कलावंत दोन्ही बाजूंना बाहेरचा वाटला तर नवल नव्हते. १९८५ सालचा ‘ओल्ड गोवन गोल्ड’ हा अल्बम, ज्यात त्यांनी जुन्या गोमंतकीय गाण्यांना नव्या वाद्यमेळात बसवले, या टीकेला अंशतः उत्तर देतो. अंशतःच, कारण त्या गाण्यांचा कर्ता परंपरा आहे; रेमो तेथे संपादकाच्या जागी आहेत आणि ती जागा त्यांना ‘गोवन क्रेझी’तील कर्त्याच्या जागेइतकी शोभत नाही. याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या, १९६१ च्या गोव्यावरील ‘त्रिकाल’ या चित्रपटात त्यांनी काम केले. त्याचे संगीत वनराज भाटिया यांचे होते.

पुरस्कारांचा विचार याच क्रमात येतो. १९८६ साली तत्कालीन पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात रेमो यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि तेथून ते तीन पारितोषिके घेऊन परतले. समाजवादी देशांतील असे महोत्सव सांस्कृतिक राजनीतीचा भाग होते हे खरे असले, तरी भारताच्या नावावर सतार किंवा भरतनाट्यम अपेक्षिणाऱ्या परदेशी मंचावर गिटार घेतलेला गोमंतकीय उभा राहिला आणि दाद मिळवून गेला, ही घटना लहान नव्हे. त्याच वर्षी सीबीएस कंपनीतर्फे ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अमली पदार्थांविरुद्धचा अल्बम आला, १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’, आणि इंग्रजी रॉकच्या क्षेत्रात भारतीय कलावंताला दुर्मीळ असलेली ‘गोल्ड डिस्क’ त्यांच्या नावावर जमा झाली. गोल्ड डिस्क हा परीक्षकांनी दिलेला पुरस्कार नव्हे. विक्रीचा ठरावीक आकडा ओलांडल्याची ती पावती असते, म्हणून ती गुणवत्तेविषयी काही सांगत नाही, श्रोत्यांच्या संख्येविषयी मात्र निश्चित सांगते. येथे ती संख्याच महत्त्वाची होती, कारण भारतीयाने लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांना गिऱ्हाईक नाही या कंपन्यांच्या ठाम समजुतीचा तिने निकाल लावला. २००७ साली मिळालेली पद्मश्री हा तिसऱ्याच प्रकारचा सन्मान. शासन एखाद्या कार्यक्षेत्राला मान्यता देते तेव्हा ते बहुधा त्या क्षेत्राच्या ऐन भराच्या काळानंतर देते, आणि येथेही तसेच झाले.

‘पॅक दॅट स्मॅक’विषयी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण एकट्याच्या कर्तृत्वाचा जबाबदारीशी असलेला संबंध त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध स्वरूपातील हेरॉईन, मुंबई आणि गोव्यातील तरुणांत झपाट्याने पसरली. अमली पदार्थविषयक कठोर केंद्रीय कायदा १९८५ चाच आहे. रॉक संगीत आणि नशा यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसलेली असताना रॉक गायकानेच नशेविरुद्ध गावे यात एक धोका होता: ज्या श्रोत्यांसाठी तो गात होता त्यांतलेच काही त्याला उपदेशक समजणार. प्रबोधनपर गीत शासकीय माहिती विभागाने कवीकडून लिहून घेऊन गायकाकडून गाऊन घेतले असते, तर त्याचा परिणाम भिंतीवरच्या घोषणेपेक्षा अधिक झाला नसता. स्वतः लिहून गाणाऱ्याचे शब्द ऐकणाऱ्याला त्याच्या राहणीशी ताडून पाहता येतात. राजीव गांधी यांच्या गोवा भेटीत त्यांच्यासमोर म्हटलेल्या ‘हॅलो राजीव गांधी’ या गाण्याबाबतही हेच घडले. पंतप्रधानांना थेट नावाने हाक मारून गोव्याची गाऱ्हाणी सांगणारे ते गाणे स्थानिक वृत्तपत्रांतून औचित्यभंग म्हणून टीकेचा विषय झाले, खुद्द पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून ते आवडल्याचे कळवले. दरबारात राजाला दोन शब्द सुनावणारा शाहीर आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो, पण बहुधा तो राजा आणि तो शाहीर दोघेही मरून शंभर वर्षे झाल्यावर.

यानंतरचा प्रवास संमिश्र आहे. पंकज पराशर यांच्या १९८७ सालच्या ‘जलवा’ या चित्रपटातील शीर्षकगीताने रेमो हिंदी श्रोत्यांपर्यंत पोचले. १९९५ च्या ‘बॉम्बे’मधील ए. आर. रहमान यांच्या ‘हम्मा हम्मा’ने आणि १९९८ च्या ‘प्यार तो होना ही था’च्या शीर्षकगीताने ते जळगाव-धुळ्याच्या एस.टी. स्थानकांवरच्या कॅसेटच्या टपऱ्यांपर्यंत आले. बहुसंख्य मराठी श्रोत्यांना त्यांची ओळख येथेच झाली, आणि नेमक्या याच ठिकाणी ते पुन्हा त्या जुन्या वाटणीत शिरले होते: ‘हम्मा हम्मा’चे शब्द मेहबूब यांचे, चाल आणि वाद्यमेळ रहमान यांचा, रेमो यांच्याकडे फक्त आवाज. तो आवाज त्या गाण्यांत अप्रतिम लागला आहे, यात शंका नाही. रहमान यांना जी खरबरीत, किंचित बेफिकीर गायकी हवी होती ती मुंबईच्या शिकलेल्या पार्श्वगायकाकडून मिळाली नसती. तरीही कर्तृत्वाच्या दृष्टीने पाहता शिवोलीतल्या चार पट्ट्यांवरची एक संपूर्ण व्यक्ती येथे मोठ्या यंत्राचा एक पट्टा बनते. पैसा आणि प्रसिद्धी या टप्प्यात अधिक मिळाली, आणि त्याबद्दल कोणा कलावंताला दोष देणे अन्यायाचे होईल. पण इतिहासकाराने यश आणि महत्त्व यांची गल्लत करता कामा नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राने हा सारा पट त्यांच्याच शब्दांत उपलब्ध करून दिला आहे.

मराठीत असा माणूस का झाला नाही, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उपस्थित होतो. संदीप खरे यांचा ‘दिवस असे की’ हा अल्बम आणि पुढे सलील कुलकर्णी यांच्यासह ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम यांनी कवी-गायकाची जागा मराठी मध्यमवर्गात पुन्हा निर्माण केली, पण तिचा वाद्यविचार भावगीताच्या अंगणातला आहे, रॉकचा नाही. कारण भाषेत शोधण्यापेक्षा संस्थांमध्ये शोधावे हे बरे. भावगीताची घडण आकाशवाणीने केली. कवी एका दालनात, संगीतकार दुसऱ्या, गायक मंजूर यादीतला, अशी ती रचना होती, आणि पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या गीतरामायणाच्या ५६ गीतांत माडगूळकर आणि फडके यांच्या जोडीने या वाटणीतूनही काय उंची गाठता येते ते दाखवून दिले. ज्या व्यवस्थेने इतके चांगले दिले तिला सोडून जाण्याची गरज कोणाला भासली नाही. शाहिरांकडे, कीर्तनकारांकडे आणि वामनदादांसारख्या लोककवींकडे एकहाती कर्तृत्व होते. त्यांना विद्युत गिटारची गरज नव्हती आणि ज्यांच्याकडे गिटार होती त्यांना त्यांची आठवण नव्हती.

खानदेशच्या भूमीवर हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण स्वतः रचून स्वतः म्हणणारी मराठीतील एक थोर व्यक्ती येथलीच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जात्यावर आणि शेतात स्वतःच्या चालीत गात होत्या; त्यांचे शब्द मुलगा सोपानदेव यांनी टिपले, आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने ते १९५२ मध्ये छापले गेले आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवार यांच्या चालींत सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात ते घरोघर पोचले. या प्रवासात शब्द बहिणाबाईंचे राहिले आणि त्यांची स्वतःची चाल हरवली. ती मुद्रित करणारे कोणतेही यंत्र आसोद्यात नव्हते, आणि असते तरी एका निरक्षर शेतकरीण बाईसमोर ते मांडण्याची बुद्धी त्या काळात कोणाला झाली असती असे मानायला आधार नाही. म्हणून बहिणाबाईंचे काव्य आज अभ्यासता येते, संगीत येत नाही. अर्धा कलावंत हातात आहे.

आज उलट स्थिती आहे. अहिराणी गाणी शिरपूर, धुळे, जळगाव, चाळीसगाव येथील छोट्या खोल्यांत संगणकावर मुद्रित होतात आणि मोबाइलवर थेट प्रसारित होतात. ‘हाई झुमका वाली पोर’सारखे गाणे अहिराणी न समजणाऱ्या महाराष्ट्रातही वाजले. चार पट्ट्यांऐवजी शंभर पट्टे, दुकानांऐवजी यूट्यूब, आणि बाउन्सिंगची खरखर नाही. तरी यातील पुष्कळ गाणी ऐकताना असे जाणवते की यंत्र घरी आले आणि वाटणी मात्र मुंबईचीच राहिली: ठेका तयार नमुन्यांतून उचललेला, आवाज यंत्राने सपाट केलेला, वाजवणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. आणि ज्या कॅसेटींवर १९८० आणि १९९० च्या दशकांत वहीगायनाच्या मंडळांनी, कानबाईच्या गाण्यांच्या बायांनी आणि गावच्या बँडवाल्यांनी आपले आवाज ठेवले त्या कपाटांत बुरशी धरत आहेत. चुंबकीय फितीवरील लेप चिकट होऊन सुटू लागला की ती फीत एकदाच, फार तर दोनदा वाजते. ती संगणकावर उतरवून घेणे हे तालुक्याच्या एखाद्या वाचनालयालाही झेपणारे काम आहे. मात्र उतरवताना प्रत्येक कॅसेटसोबत गाणे रचले कोणी, म्हटले कोणी, ढोलकी कोणाची, मुद्रण कोणत्या घरात झाले आणि कोणत्या साली, या पाच नोंदी गावातल्या जाणत्या माणसांकडून त्याच वेळी लिहून घ्याव्या लागतील, कारण त्या फितीवर नाहीत आणि वेष्टनावर तर कधीच नव्हत्या.